हजेरीला उभा राहिलेला लॅपटॉप

प्रिय शाईबुवा,

सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांची स्वतंत्र चौकशी. (डावा पहिल्यापासून कुरकुरणारा, उजव्याने तरी वळण राखलंय ना?) वहिनींनाही नमस्कार. इकडे सगळं ठीक. फक्त टेबलावर दोन लॅपटॉप आहेत आणि सूनबाईच्या मते शनिवारनंतर एकच राहील.

झालं असं, की शाळेत पाठ केलेल्या कविता टाइप करून ठेवायचं मी मनावर घेतलं (सगळ्या तोंडपाठ आहेत, तुला ठाऊकच आहे). सूनबाईने सुट्टीच्या दिवशी तीन दुकानं पालथी घालून कोरा करकरीत लॅपटॉप आणला, पाटीसारखा पातळ. मला मात्र त्यात विंडोजऐवजी लिनक्स हवं होतं. वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या वर्गात तेच शिकलो. शिवाय ते जुन्या यंत्रांना निवृत्त करत नाही, हे ऐकून ऊर भरून आला होता. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की पडद्यावर एकेक नाव येतं आणि शेजारी हिरवं 'ओके'. अगदी हजेरी! पस्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस मी, गहिवरलोच. पण नव्याचं वायफाय गैरहजर, आवाज गैरहजर. झाकण मिटलं तर जो झोपला तो उठेचना. मी तीनदा पुकारा केला. "बाबा, तो बहिरा नाहीये," सूनबाई आतून म्हणाली.

मग पेनड्राइव्ह खिशात टाकून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, नव्या मशीनची लिनक्सशी ओळख व्हायला वेळ लागतो. चार-पाच वर्षं जुनं घ्या, सगळ्या पार्टांची ओळखपाळख झालेली असते." फळीवरच्या तिघांची मी तिथेच हजेरी घेतली. तिसरा वजनाने फरशीएवढा, बिजागरी कण्हणारी, दोन बटणांवरची अक्षरं कुणाच्या तरी बोटांनी पुसून नेलेली. पण वायफाय हजर, आवाज हजर, कॅमेरासुद्धा हजर! त्यात माझा चेहरा दिसला आणि एकदम आपला वर्ग आठवला, खिडकीतलं ऊन, शाईने निळे झालेले तुझे कान... असो. घेऊन आलो. बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते, पण तोवर माझीही डुलकीची वेळ होते.

सूनबाईने जुन्याच्या पावतीवरच्या 'शनिवारपर्यंत परत घेऊ' या ओळीवर फक्त बोट ठेवलं. तेच जास्त लागलं.

तुझा,
पुढच्या बाकावरचा

ता. क. : खरं काम हे, की सूनबाईला फोन करून सांग, जुनाच घे हा हट्ट तुझा होता. तू मिक्सर दुरुस्त केल्यापासून तुझा शब्द ती खाली पडू देत नाही.

ता. क. २ : पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय. पाकीट पक्कं चिकटवलंय.

ता. क. ३ (अक्षर सूनबाईचं) : काका, पाकीट उघडंच होतं. खोटं बोलू नका. पेनड्राइव्ह काढून मूळच्या विंडोजवर सुरू केल्यावर नव्याचं सगळं हजर आहे. तो मी माझ्या कामाला ठेवलाय. बाबांचा जुना राहू दे. तुम्ही फक्त सुतारपक्ष्याच्या कवितेचं चौथं कडवं पाठवा. पाच दिवस बाबा तिसऱ्यापाशी अडलेत आणि विचारलं तर "मुद्दाम थांबलोय" म्हणतात. मी मागितलं असं लिहू नका. तुम्हालाच सहज आठवलं, असं लिहा.