दीड तास आणि नव्वद मिनिटं

मारेगाव,
१ सप्टेंबर १९६३

प्रिय देवसिंग,

तुझं कार्ड पोचलं. खुशाली दोन ओळींत आणि सवाल सात ओळींत, ही तुझी पद्धत अजून सुटलेली नाही. हेलिकॉप्टर मागे मागे उडत असेल तर त्याच्या शेपटीवरचा दिवा पुढचा म्हणायचा की मागचा, हे मी सातवीच्या वर्गाला विचारलं. अर्धा तास भांडण चाललं. शेवटी एक मुलगी म्हणाली, गुरुजी, दिवा शेपटीवर आहे तर शेपटीचाच म्हणा ना, उगाच कायले त्याले पुढंमागं करता. आपल्या बाबुलालनं काय उत्तर दिलं तेही मला कळलं आहे. ज्याले धडक बसन त्याले विचार, असं म्हणाला म्हणे. उमरखेडला त्याचं सायकलचं दुकान चांगलं चालतं, पण पंक्चर काढताना तो गिऱ्हाइकांनाही सवाल घालतो आणि उत्तर येईपर्यंत सायकल परत देत नाही, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे.

इथं माझं ठीक चाललंय. खोली लहान आहे, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडते. दार लावून मी अजून झोपू शकत नाही. घरमालक सदाशिवराव सुरुवातीला चोराची भीती घालायचे, आता त्यांनी नाद सोडला. पावसात डावा पाय दुखतो. बाकी काही नाही. भिंतीवर ते हेलिकॉप्टरचं चित्र लावलंय, आपल्याला वाण्याच्या रद्दीत सापडलेलं, ज्याच्यावर हिंगाचा डाग आहे. मुख्याध्यापक एकदा घरी आले तेव्हा विचारू लागले, हे कुठलं भिंगरीसारखं यंत्र. मी अर्धा तास समजावून सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत.

सत्तावन्न सालच्या थंडीत ते खरंखुरं यंत्र तुमच्या तांड्यामागच्या पडीत उतरलं, धुक्यात वाट चुकून, आणि इंधन येईपर्यंत दोन दिवस तिथंच राहिलं, त्याची आठवण मला रोज येते. आपण तिघांनी शाळा बुडवली होती. तुझे वडील, लालसिंगकाका, काठी घेऊन राखणीला बसले आणि पोरांना दोरीच्या अलीकडे थोपवत राहिले, फक्त आपल्याला सोडून. तो पंजाबी मेकॅनिक तांड्यावरच्या बसंतीबाईच्या हातची भाकरी खाता खाता म्हणाला, बताओ, पीछेवाला छोटा पंखा किसलिए. बाबुलाल पटकन म्हणाला, पीछे बैठनेवाले को भी तो हवा लगनी चाहिए. तो माणूस हसता हसता खाली बसला. तू मात्र हसला नाहीस. हेलिकॉप्टर उडून गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू लिंबाच्या फांदीला बाज टांगलीस, चारी पायांचे दोर वर एकाच गाठीत बांधून. तिच्यावर बसून डोक्यावर मुसळ गरगर फिरवायला लागलास आणि बाज तुला घेऊन उलटी फिरायला लागली. शेवटी तू ओकलास, पण उत्तर मिळालं होतं. तो छोटा पंखा नसेल तर वरचा पंखा एकीकडे फिरेल आणि पोट दुसरीकडे.

तिथून आपले सवाल सुरू झाले. बाबुलालचा मला फार आवडायचा. हेलिकॉप्टर ढाणकीवर अडीच तास एका जागी उभं राहिलं, खाली पृथ्वी फिरून राह्यली, तर उतरलं तेव्हा कुठं उतरलं. मी नकाशावर बोटं मोजून सांगितलं, अरबस्तानात. तो म्हणाला, मंग खजूर घेऊन ये, मी ढाणकीतच उभा हाव, हवाही पृथ्वीसंगंच फिरते ना बावा. तुझा सवाल होता, इंजिन हवेत बंद पडलं तर पायलटनं आधी काय करावं. बाबुलाल म्हणाला, रामराम. खरं उत्तर तू मेकॅनिककडून काढून घेतलं होतंस. डावीकडचा दांडा तत्काळ खाली करायचा. मग खालून येणारा वाराच पंखा फिरवतो आणि यंत्र गरगरत्या बीसारखं जमिनीला टेकतं. हे तू सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. त्याच दिवशी मी ओळखलं की आम्हां दोघांचा हा खेळ आहे, तुझा नाही.

माझा सवाल सगळ्यांत साधा होता. ढाणकीहून नागपूरला जायला हेलिकॉप्टरला दीड तास लागला आणि परत यायला नव्वद मिनिटं. काहून? पहिल्यांदा तुम्ही दोघांनी वारा, वजन, इंधन सगळं लावून पाहिलं आणि मी पोट धरून हसलो. दीड तास म्हणजेच नव्वद मिनिटं. त्यानंतर तो सवाल आपल्यात खूण म्हणून राहिला. कोणी फार हुशारी दाखवायला लागला की तेवढंच विचारायचं.

आता एकसष्टच्या मे महिन्याकडे येतो. दोन वर्षं आपण दोघंही त्या दिवसाबद्दल बोललो, पण मी कधी पूर्ण बोललो नाही.

सकाळी आठला मी आमच्या विहिरीत गाळ काढायला उतरलो आणि कडेची बांधणी सुटली. आवाज झाला तो मला आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. कमरेपर्यंत दगड, कपाळातून रक्त, तोंडात माती, आणि डोक्यावर मोटेचं जाड लाकूड आडवं अडकलेलं, ज्यानं वरचा ढिगारा पेलून धरला होता. लाकडाच्या बाजूला ताटलीएवढी फट होती. तेवढंच आभाळ. हात वर केला की बोटं लाकडाला लागायची, खाली नेला की दगडाला. श्वास पूर्ण घेतला तर छातीवर दगड टेकायचा, म्हणून मी अर्धा अर्धा घेत होतो. वरून माझ्या वडिलांचं, बापूजींचं, रडणं ऐकू येत होतं आणि मला त्यांना गप्प करा म्हणून ओरडायचं होतं, पण ओरडायला पूर्ण श्वास लागतो.

तू माझा निरोप घ्यायला शेतात आला होतास. धुतलेला सदरा, कागदांची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नागपूरला हवाई दलाची भरती होती आणि त्यासाठी अकराची बस गाठायलाच हवी होती. तू पिशवी झाडाला अडकवलीस आणि तांड्यावर पळालास, दोर आणि तुझ्या धावजीमामांना आणायला. मामा विहिरी बांधण्यात मुरलेले. ते पुढं आले, तू दोर गोळा करत मागं राहिलास. मामांनी फटीतून बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, दगडं बसले आता, हालत नाही. लाकूड साबूत हाय. उन्हं उतरायच्या आत तुले बाहीर काढतो. तू फक्त झोपू नको. देवसिंग, हे तू ऐकलं नव्हतंस. मी ऐकलं होतं. मामा उगाच धीर देणाऱ्यातले नाहीत, हेही मला माहीत होतं.

मग तू आलास. विहिरीच्या काठावर पालथा पडलास आणि मला झोप येऊ नये म्हणून एकामागून एक सवाल टाकू लागलास. पाऊण तास मी बरोबर उत्तरं दिली. एक-दोनदा मी हसलोसुद्धा, आणि दगड छातीला टोचला. अंधारात तुझा आवाज हीच एक गोष्ट होती जी दगडाची नव्हती.

पावणेअकराला मामा तुला तुमच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. जा म्हणत होते. तू फटीवर आणखी वाकलास. मग म्हणालास, उकंडा, एक शेवटचा सवाल टाकतो. बराबर सांगतलं तं मी समजतो तू शुद्धीत हाय, अन् मी चाललो. चुकला तं नाई जात. ढाणकीहून नागपूरले जायले दीड तास, वापस येयले नव्वद मिनटं. काहून?

माझाच सवाल. तू मुद्दाम तो निवडलास, म्हणजे मी चुकूच नये.

मी अगदी शुद्धीत होतो. कपाळावरचं रक्त सुकलेलं कळत होतं, लाकडाच्या गाठी मोजता येत होत्या. आणि मी जीभ जड करून म्हणालो, वारा... वारा आडवा आला असन.

मग तू म्हणालास, मी हाव इथंच, कुठी जात नाई. थोड्या वेळानं रस्त्यावर बसचा भोंगा वाजला, वाजत वाजत उमरखेडकडे गेला, आणि मला त्या फटीतून पूर्ण श्वास आल्यासारखं वाटलं. एवढं हलकं मला बाहेर काढल्यावरसुद्धा वाटलं नाही.

भीती वाटली म्हणून मी तसं केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. ती वाटत होतीच. तू गेलास तर खाली मी आणि दगड, एवढंच उरणार होतं. पण ते निम्मंच. उरलेलं असं, की तू त्या यंत्राच्या आत बसणार आणि मी जन्मभर हिंगाचा डाग पडलेलं चित्र पाहणार, हे त्या क्षणी मला सहन झालं नाही. मी अडकलो होतो, आणि तू मोकळा होतास. मी जणू हात वर करून तुझा पाय खाली ओढला.

चार वाजता तुम्ही मला बाहेर काढलंत. तुझा सदरा फाटला होता, नखं निघाली होती. गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन तू उमरखेडच्या दवाखान्यापर्यंत आलास. पिशवी झाडालाच राहिली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दवाखान्यात सांगायला हवं होतं. मग तू सगळ्यांना सांगू लागलास, मी गेलो असतो तं उकंडा गेला असता, आणि लोक मान हलवू लागले, आणि दर वेळी माझं तोंड अजून घट्ट बंद झालं. विहिरीतून तुम्ही मला आठ तासांत काढलंत. यातून निघायला मला दोन वर्षं लागली.

आज का लिहितोय ते सांगतो. गेल्या आठवड्यात बाबुलालनं कळवलं की चीनच्या युद्धानंतर हवाई दलाची मोठी भरती निघाली आहे, तेवीस तारखेला नागपुरात, आणि तू साफ नाही म्हणालास. तुझं कारणही त्यानं लिहिलं. मॅट्रिकच्या परीक्षेला यवतमाळला गेलो तर बाप गेला, नागपूरला निघालो तर उकंडा जाता जाता राहिला. मी तांड्याबाहेर पाय टाकला का कोणी ना कोणी जाते, दोनदा झालं. देवसिंग, दोनदा झालेलं नाही. लालसिंगकाकांना तुझ्या जाण्याआधी आठ दिवस ताप होता आणि तो तुझ्या पायांनी आला नव्हता. दुसऱ्या वेळी तर कोणी जाणारच नव्हतं. तू बसमध्ये बसला असतास तरी मी चार वाजता बाहेर आलो असतो. ज्या गोष्टीनं तू स्वतःला तिथं बांधून घेतलं आहेस ती मी रचलेली आहे. पुढच्या वर्षी तुझं वय उलटून जाईल, म्हणून हे पत्र आता. माझ्याशी बोलू नकोस, तोंड पाहू नकोस, ते मी मान्य करतो. फक्त नागपूरला जा. तुझी आई, रुपीकाकू, एकटी राहील ही काळजी असेल तर मी महिन्याची रजा घेतली आहे. बावीस तारखेला संध्याकाळी तांड्यावर येतो. ज्वारीची राखण करीन, पाणी भरीन, आणि काकूंनाही हे सगळं माझ्या तोंडानं सांगीन. मला घरात घेऊ नका असं तू सांगून गेलास तर मी अंगणात राहीन. मी त्यांच्याजवळ राहायला येतोय, तुझ्याकडे नाही. तू तेव्हा घरी नसावास, एवढीच इच्छा आहे.

तू ठेवशील त्या नात्यानं, पण तुझाच,
उकंडा