पाटाचं पाणी आणि आपली विहीर

आई, काल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू बोललीस. तोंड फक्त माझं होतं.

कामोठ्यात उन्हाळा लागला की नळाला एक दिवस पाणी येतं आणि एक दिवस नुसती हवा. इमारतीमागे एक बोअर आहे, आणि आमच्या चेअरमनना ती रोज चालवायची असते. "मॅडम, नळाचं पण भरू, बोअरचं पण भरू. आपलीच बोअर आहे ना, टेन्शन कशाला घेता?" मी म्हटलं, नळ येईल त्या दिवशी बोअरला हात लावायचा नाही, तिला झोपू द्यायचं. सगळे हसले. मग मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं.

आपलं रान कालव्याच्या चारीच्या अगदी शेपटाला. पाट सुटला की आधी वरची गावं भिजायची. आपल्यापर्यंत येईतो पाण्याचा जोर आणि लोकांचा चांगुलपणा, दोन्ही संपत आलेले असायचे. वडील कारखान्यावर कामाला, म्हणजे दारं धरायला तूच. खोऱ्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं, पाय चिखलात आणि नजर पाण्यावर. शेजारचे लोक पाट आला की मोटरही लावायचे आणि एका दिवसात मोकळे व्हायचे. तुझं मात्र ठरलेलं: "पाट चालू हाय तवर मोटरीला हात लावायचा न्हाई. हिर निजू दे." पाटाचं पाणी रानात मुरायचं, पाझरून विहिरीत उतरायचं, आणि पाट बंद झाला की पुढच्या पाळीपर्यंत विहीर पीक सांभाळायची. रोज चहाच्या आधी तू काठावर वाकून उघडे पडलेले दगडांचे थर मोजायचीस. आज सहा, आज सात. मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटायचा, आणि चहा गार होतो म्हणून मी चिडायचे. आता कळतं, तू रोज पुढच्या महिन्याचं पीक बघत होतीस. इतकं शहाणं माणूस मला नंतर कुठल्या ऑफिसात भेटलं नाही.

ही झाली मीटिंगमधली गोष्ट. पुढची मी तिथे सांगितली नाही.

मी बारावीला होते. आजी आजारी म्हणून तू चार दिवस माहेरी गेलीस आणि गव्हाचं पाणी माझ्यावर सोपवलंस. आपली पाळी दुपारची होती. पण शेपटाला दुपार म्हणजे संध्याकाळ, आणि संध्याकाळी मैत्रिणीची हळद. मी सकाळीच मोटर लावली, विहिरीच्या पाण्यानं सगळा गहू भिजवला आणि हळदीला गेले. पाटाचं पाणी आलं तेव्हा बांधावर कोणीच नव्हतं. आपल्या वाट्याचं ते सगळं ओढ्याला गेलं. तू आलीस, ओलं रान बघितलंस आणि गल्लीभर सांगत सुटलीस, "माज्या लेकीनं एकटीनं दारं धरलं." हळदीतल्या पिवळ्या हातांनी मी तुझ्यासमोर चहा ठेवला.

दुसऱ्या सकाळी तू विहिरीवर थर दोनदा मोजलेस. पाट येऊन गेला आणि विहीर वर आली नाही, उलट खाली गेली, असं कधी झालं नव्हतं. पुढची पाळी लांबली. ऐन दाणा भरायच्या वेळी मोटर अर्ध्या रानातच गुळण्या टाकायला लागली. पलीकडच्या अर्ध्या गव्हाचा दाणा चिमलेलाच राहिला. त्या वर्षी तू सोप्यात बसून गहू दोनदा चाळलास. जूनमध्ये मी होस्टेलला जाणार म्हणून टपोरा गहू माझ्या डब्यासाठी वेगळा ठेवलास आणि बारक्या गव्हाच्या पोळ्या घरात केल्यास. त्या पोळ्या तुटायच्या. तू त्या दुधात कुस्करून खायचीस आणि वर म्हणायचीस, मला अशाच आवडतात.

वैशाखात तू पदर खोचून विहिरीत उतरलीस. झरे बुजले असतील, गाळ काढू, म्हणालीस. मी वर दोर धरून उभी होते. चारच पाट्या निघाल्या. खालून तुझा आवाज आला, "गाळ न्हाईच गं फारसा. झरं तर उघडंच हायती." मी वाकून म्हणाले, "मग यंदा पाटालाच पाणी कमी असेल." तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. ऊन तुझ्या डोळ्यांवर येत होतं. "आसंल," एवढंच म्हणालीस आणि पुढची पाटी भरायला लागलीस. त्यानंतर कधी विचारलं नाहीस. पुढच्या वर्षी मी होस्टेलवरून सुट्टीला आले तेव्हाही पाटाचं पाणी धरायला मलाच पाठवलंस.

काल नियम मंजूर झाला. नळ येईल त्या दिवशी बोअर बंद. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये पाटी लागली आहे, आणि लोक त्याला माझा नियम म्हणतात. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तुमच्या आईंची विहीर कधीच कमी पडली नाही का हो?"

मी म्हटलं, "कधीच नाही."

पुढच्या मीटिंगला खरं सांगेन असं लिहिणार होते. पण सांगणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि तुलाही. तिथे सगळ्यांसमोर तुझी विहीर कमी पडली म्हणायला जीभ वळत नाही, आणि ती मी कमी पाडली म्हणायला तर त्याहून नाही. म्हणून इथे लिहिते. आई, झरे उघडेच होते.