गॅरेजमागची काळी माती

बाबा, तुमच्या गॅरेजमागची माती मी गेल्या उन्हाळ्यात डब्यात भरून आणली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काहून वं माय, सोनं निघून राहिलं का तिथं?" तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण सदर भागातली ती जागा अजून तेलकटच आहे. गाड्यांचं जळकं तेल तुम्ही तिथेच ओतायचात, धूळ उडू नये म्हणून.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, नवी नवी अक्कल आलेली. तुम्ही डबा उपडा करताय, दोन गिऱ्हाइकं चहा पिताहेत, आणि मी त्यांच्यासमोर म्हणते, "तुमच्यासारख्या अडाणी लोकांमुळेच जमीन मरते." तुम्ही हात पुसलेत. "बरं माय, आता नाही टाकत," एवढंच बोललात. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तेलासाठी ड्रम आला. त्यावर पुढे तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि मीही नाही. तेल ओतणं वाईटच होतं, पण तो 'अडाणी' मला अजून सलतो.

आता मी तेल खाणारे जिवाणू वाढवते. बाहेरून मागवलेले आमच्याकडच्या मातीत टिकेनात, तेव्हा तुमची जागा आठवली. तिथले जिवाणू डिझेलच्या थेंबाशेजारी सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. थोडं सरळ पोहतात, गिरकी घेतात, दिशा बदलतात. थेंबाकडे जाताहेत असं कळलं की गिरक्या कमी करतात. हळूहळू सगळे थेंबाभोवती, पंगतीला बसल्यासारखे. मी एकटीच हसत बसले. मग गॅरेजमागचा एक कोपरा उकरला, शेणखत घातलं, पाणी दिलं. जिवाणूंना हवा लागते, नुसत्या तेलावर भागत नाही. पावसाळा सरता सरता तिथे तरोट्याची हिरवी रोपं उगवली. बाकीची जागा काळीच आहे, तिला वेळ लागेल. पण जमीन मेली नव्हती, बाबा. तुम्हाला अडाणी म्हणाले ते चूक, आणि जमीन मरते म्हणाले तेही चूकच.

हे पत्र वहीतच राहील. एक सांगते. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये तुमच्या मातीची एक बाटली आहे, तिच्यावर मी 'हात लावू नये' असं लिहिलंय. विद्यार्थ्यांना वाटतं, फार मोलाचा नमुना असणार. खरं तर तिचं आता काही काम नाही. मी अधूनमधून झाकण उघडून वास घेते. तुम्ही दोनदा साबण लावून जेवायला बसायचात, तरी हाताला हाच वास यायचा.