झोपलेले कंद

३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं खुब्याचं ऑपरेशन मंगळवारी ठरलंय. मी दवाखान्यातच राहणार, तेव्हा आठ दिवस तू घर सांभाळ. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवते. जन्मभर लोकांची दुकानं सजवलीस, आता आपल्या घरात नुसते हातपाय पसरून बस. तेवढं तरी जमेल ना?

एकच सांगणं. परसातल्या हौदाला हात लावू नकोस. पाणी हिरवं दिसेल, वर एकही पान नसेल. पण कुमुदिनी मेलेली नाही. तळाच्या चिकणमातीत कंद झोपलेत. गिरणीमागचं तळं बुजवायला घेतलं, तेव्हा आपली आई, निवृत्त शाळेच्या बाई, मांडीभर चिखलात उतरून हे सहा कंद पिशवीतून घेऊन आली होती. तिथे आता गोदामं आहेत. ही पांढरी, गावठी जात जवळपास कुठेही उरलेली नाही, असं ती छातीठोकपणे सांगते. रोज सकाळी तिची पहिली फेरी हौदापर्यंतच असते. भूल उतरली की आधी कळ्यांचीच चौकशी करील, बघ.

माया आहेच, ती या वेळी येऊन दाखव.
तुझी चिमणी

१९ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

कामावरून बोलावणं आलं, म्हणून तुझा निरोप न घेताच निघालो. आईला दवाखान्यात दोनदा पाहून आलो, पण गंमत फोडली नाही. तुझं पत्र तिकडे यायला निघायच्या गडबडीत हाती पडलं होतं. किल्लीपर्यंत वाचलं आणि गाडी पकडली.

काय गं, हौदाची ती दशा! नुसतं डबकं. माळी लावून सगळा गाळ उपसला, आतून निळी फरशी बसवली, मधोमध कारंजं. रोपवाटिकेतून गुलाबी आणि पिवळ्या फुलांच्या कुंड्या आणून सोडल्या. चार दिवस कंबर मोडली माझी. आईचा चेहरा कसा खुलला, ते सविस्तर कळव.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझा दादा

११ मे

दादा,
नमस्कार.

आईचा चेहरा कसा झाला, ते कळवते.

आधी मी एकटीच घरी आले. माळ्याला गाठलं. गाळ भिंतीपलीकडे टाकला म्हणाला. दोन दिवस उकरून सहाही कंद शोधले. उन्हात वाळून खडे झाले होते. तरी बादलीत भिजत घातले. आठव्या दिवशी वास सुटला.

आईला चाकाच्या खुर्चीतून परसात नेलं. आधी सांगायचा धीर मला झाला नाही. ती कारंज्याकडे बघत राहिली. हे कुणी केलं, एवढंच विचारलं. तुझं नाव सांगितलं, तर म्हणाली, फार राबला असेल गं पोरगा. शिंपीणबाई आल्या, त्यांनाही लेकाचं कौतुक सांगितलं. त्या गेल्यावर खुर्ची वळवायला लावली, आणि तुला यातलं काही कळवायचं नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. तो शब्द आज मोडतेय. माझी पत्रं तू किल्लीपर्यंत वाचतोस, हे तिला माहीत नाही. तेवढं मी झाकलंय.

तिने पलंग परसाकडच्या खोलीतून रस्त्याकडच्या खोलीत हलवून घेतलाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येतात. रोज थोडं चाललंच पाहिजे, असं बजावतात. परवा आईने त्यांना शांतपणे विचारलं, चालत जायचं तरी कुठे?

लोभ असावा, असं लिहायला आज हात वळत नाही.
चिमणी