हसरीचं नाव

९ मार्च

प्रिय ताई,

तू पाठवलेली खोकी पोचली. हातमोजे, सलाइनच्या नळ्या, सगळं शाबूत आहे. मी वेळेवर जेवते असं आईला सांग, नाहीतर ती तुझं डोकं खाईल.

तू येशील तेव्हा मी परतलेली असेन, म्हणून कामाचं आधी. वीज गेली की सोनोग्राफीचं यंत्र मध्येच बंद पडतं. जादा बॅटरी खिडकीखाली आहे. तपासणीच्या खोलीचं दार फुगलंय, खांद्याने ढकलावं लागतं.

तुला इथल्या दवाखान्यात कुणी विसरलेलं नाही. गेल्या वर्षी तू केलेल्या बाळंतपणांचं कौतुक मला रोज ऐकावं लागतं. बायका तुला 'हसरी' म्हणतात. मी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून बाळाची मापं घेते, तर बायका आपल्या भाषेत दुभाषीबाईंना विचारतात, "ही रागावलीय का?" दुभाषीबाई मला म्हणतात, "जरा हसा की! दात काय झिजणारेत?" मी म्हटलं, दातांचा डॉक्टर शेजारच्या खोलीत बसतो. त्या हसल्या. मी नाही.

गेल्या आठवड्यात शिंप्याची बायको आली. दिवस भरत आलेले आणि बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली. कळा सुरू झाल्या असत्या तर रक्तस्राव आवरला नसता. मी पुन्हा तपासलं, डॉक्टरबाईंना दाखवलं. मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, तर ती उठूनच बसली. "पोट फाडून घ्यायला मी जाणार नाही. आधी हसरीला विचारा."

डॉक्टरबाई समजावून थकल्या. शेवटी मी दुभाषीबाईंना म्हटलं, "सांगा तिला, मी हसरीची सख्खी बहीण. आत्ताच फोनवर बोलले. ती म्हणतेय, जा."

मी तुला फोन केला नव्हता. बाई मुकाट्याने चपला शोधायला लागली. दोष मी शोधला होता, तिने ऐकलं तुझं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

आज शिंपी आला होता. मुलीला हसरीचं नाव ठेवायचंय म्हणाला, तिचं खरं नाव काय? दुभाषीबाईंना तुझं नाव पक्कं ठाऊक आहे. त्या तोंड उघडणार, एवढ्यात मी माझं सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शिंप्याला उच्चार जमेना, तर त्यांनीच त्याच्याकडून तो घोटून घेतला.

शाळेत बाई हजेरी घेताना मला तुझं नाव घेऊन 'हिची धाकटी' म्हणायच्या. तुझे कपडे, तुझी सायकल, तुझी पुस्तकं मी तक्रार न करता वापरली. तुला हे कधी जाणवलं असेल असं नाही. तसा तुझा काही दोषही नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

तू आलीस की ते मुलगी तुझ्या मांडीवर देतील आणि तुला माझ्या नावाने हाक मारतील. खरं काय ते सांगायचं की नाही, तू ठरव. मला विचारशील तर, सांगू नकोस.

माफी मागायला हवी हे कळतं. अजून वाटत नाही.

तुझी,
धाकटी