मागच्या खोलीतली तालीम

दि. ९ फेब्रुवारी
सोमवार, सकाळची वेळ

चिमे,

आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझा चष्मा आणि तुझा राग, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालते.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य सूनबाईनं आपल्या मनानं लिहिलं. पत्रात ते असावंच लागतं म्हणाली. असू दे.

फोन केला नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शाळेत तू गेलीस, तेव्हा वाचायचे कष्ट तुझे. लिहायचे सूनबाईचे. मी उशीला टेकून बसले आहे, माझ्या वाट्याला नुसतं बोलणं.

तुझा निरोप पोचला. तुझी शेजारीण चांगलं तिखटमीठ लावून सांगत होती, “ताईला म्हणावं, मागच्या खोलीत पैलवान राहायला आलेत असं कळलं. तर माझी खाट आता कुठल्या आखाड्यात टाकायची तेवढं कळवा.” तिखट तिचं असेल, पण मीठ तुझंच होतं, मी ओळखलं. तुझं घर या महिन्याअखेर दुसऱ्याच्या ताब्यात जायचंय, मागची खोली तुझी असा शब्द मी दिला होता, आणि माझ्या भरवशावर तू दिराकडे जायला नाही म्हणालीस. यातलं काही मी विसरलेली नाही. तेव्हा आधी खोलीचं सांगते.

ऐकलंस ते खरं आहे. तिथे आता व्यायामाची खोली झाली आहे. खोली केवढी ते तुला ठाऊक आहे, खाट टाकली की माणसानं खेकड्यासारखं कडेनं जायचं. पण आमच्या नातीला घरं सजवण्याचं शिक्षण मिळालंय, त्यामुळे तिला रिकामी भिंत दिसली की हात शिवशिवतात. तिकडे दूर बसून तिनं फोनवर चित्रं धाडली. भिंतींना राखाडी रंग. मी म्हटलं, रंग द्यायचाय की ओल आल्यासारखं दाखवायचंय? तर म्हणाली, “आजी, याला शांत रंग म्हणतात.” जमिनीवर काळ्या रबराचे चौकोन आले, एकमेकांत दात अडकवून बसतात ते. पहिल्या दिवशी घरात ट्रक शिरल्यासारखा वास येत होता. छताच्या कडेनं दिव्यांची पट्टी. कोपऱ्यात जागच्या जागी चालणारी सायकल, तिला चाकही धड नाही. मी सुताराला विचारलं, ही जाते कुठे? तो म्हणाला, “आजी, हिनं पोट जातं.” त्याचं स्वतःचं पोट दारातून आधी आत आलं होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मग त्यानं आरसा बसवला. जमिनीपासून छतापर्यंत अख्खी भिंत. मी आत गेले तर समोरून एक म्हातारी आली, मी बाजूला सरले, तीही सरली. मला वाटलं तू आलीस.

राहिलेल्या भिंतीवर नातीनं मोठाली इंग्रजी अक्षरं चिकटवायला पाठवली. मला मराठी वाचता येत नाही नि इंग्रजीही, त्यामुळे मला दोन्ही सारखीच देखणी. सूनबाईला विचारलं, काय लिहिलंय? म्हणाली, “थांबू नका.”

आता हे सगळं कुणासाठी, हे तू केव्हाचं विचारते आहेस. ढब्बूसाठी. माझ्या लेकाला हे नाव तूच ठेवलंस, आणि पन्नाशीतही ते त्याला बसतं. त्याचं वजन जरा वाढलं होतं.

सूनबाईनं हात थांबवलाय. म्हणते, “आई, वजन असंच लिहू?” लिही म्हटलं. लिहिलं तिनं, पण वर माझ्याकडे अशी बघते आहे, जसं काही मी तिच्यासमोर दुधात पाणी घातलं.

बरं. खोड ते, सूनबाई. नको, राहू दे, खोडलेलं दिसलं की चिमी उजेडासमोर धरून वाचेल.

चिमे, वजनाचं काही नाही. थंडी सुरू झाली तेव्हा ढब्बू एका उंच इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. लिफ्टच बंद, मग हा हत्यारांची पेटी घेऊन जिन्यानं वर निघाला. वर पोचला नाही. मधल्या वळणावर भिंतीला टेकून बसला. भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईला वाटलं, दमलाय बिचारा, म्हणून तिनं पाणी विचारलं, आणि याला ओठ हलवता येईनात. ती बाई आरडाओरडा करणारी निघाली म्हणून आज मी तुला हे सांगते आहे. छाती उघडून शिवली त्याची.

तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मला रडू येतं, ही तुझी माझी लहानपणापासूनची खोड. इथे त्या वेळी रडायला कुणालाच सवड नव्हती.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, हातपाय हलवा, दम लागला की थांबा. हे काही दिवसांचं नाही, आता जन्माचं. पण हा बाहेर जाईना. रस्त्यात भेटेल तो विचारतो, काय झालं होतं, कुठे दुखलं, जीव गेल्यासारखा वाटला का. शिवाय फाटकाबाहेर पडलं की त्याला वाटे आपण आत्ता कोसळणार. म्हणून ती खोली.

खोली तयार झाली तशी साहेब रोज आत जाऊन दार लावून घेत. नात फोन करून विचारी, “बाबा, जमतंय ना?” हा म्हणे, “छान चाललंय.” आम्ही खूश. सूनबाईनं मात्र पकडलं. औषधांच्या दुकानात कामाला आहे, माणूस आत शिरला की चिठ्ठी न बघता दुखणं ओळखते. मला म्हणाली, “आई, याचे शर्ट धुवायला टाकते ते कोरडे ठणठणीत असतात. कॉलरची इस्त्रीसुद्धा मोडत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. दार वाजवलं नाही, माझ्या घरात मी दारं वाजवत नाही. तर ढब्बू खिडकीखालच्या कोपऱ्यात जमिनीवर बसलेला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“काय रे, झाला व्यायाम?”

“झाला.”

“सुरू कधी केला होतास?”

रबराच्या चौकोनाचा दात नखानं उचकटत बसला. मग म्हणाला, “आई, हा एवढाच कोपरा आहे जिथून आरशात मी दिसत नाही. बाकी कुठेही उभं राहिलं की ती शिवण दिसते.”

“शर्ट आहे की अंगात.”

“तरी दिसते.”

“बरं, मग दार कशाला लावतोस? आत काही झालं तर आम्हाला कळायचं कसं?”

“तीच तर भीती वाटते. पण उघडं ठेवलं तर सायकलचा आवाज येत नाही हे तुम्हाला कळेल ना.”

बघ आता. मरायची भीती एकीकडे आणि बायको काय म्हणेल याची एकीकडे, आणि दुसरी जड. मला हसू आलं. तोही हसला, मग छातीवर हात दाबून म्हणाला, हसवू नकोस, ओढ बसते.

आम्ही सगळ्यांनी मिळून एका धडधाकट माणसाची खोली सजवली होती गं. घरात तो माणूसच नव्हता.

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, आरसा असा चिकटवलाय की काढला तर फुटेल. मग त्यानं वर दांडी ठोकली आणि मी माझ्या खोलीतला फुलाफुलांचा पडदा काढून तिथे टांगला. त्या राखाडी भिंतींना जरा रंग चढला. नातीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, चालेल. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.” खरंच सांगितलं नव्हतं, बापाला शिवण दिसते हे बाप लेकीला कसा सांगणार. भिंतीवरची अक्षरं सूनबाई सुरीनं खरवडायला लागली. इंग्रजीतला पहिला शब्द निघाला तशी हसत सुटली. म्हणाली, “आई, आता नुसतं ‘थांबा’ उरलं.” म्हटलं, मग तेवढं राहू दे, डॉक्टरही तेच म्हणतात.

दार आता उघडं असतं. दाराशी एक खुर्ची, तिच्यावर मी. तो खिडकीपासून दारापर्यंत येतो, परत जातो, मी त्याला शेजारपाजारच्या भानगडी सांगते. सायकल थोडी मारतो. दम लागला की थांबतो, मी पण भानगडीत तिथेच थांबते, म्हणजे पुढचं ऐकायला त्याला पुन्हा उठावं लागतं. कालचा शर्ट घामानं भिजला होता. सूनबाईनं तो मला आणून दाखवला. घामाचा शर्ट दाखवायला आणणारी सून मी पहिल्यांदा बघितली.

पण सूनबाई दिवसभर दुकानात. दुपारच्या पाळीला मी एकटी, आणि दुपारी माझे डोळे मिटतात. परवा जागी झाले तर तो माझ्यासमोर उभा, आणि मला किती वेळ कळलंच नाही की तो श्वास घेतो आहे. घेत होता. नुसता माझी झोप मोडू नये म्हणून गप्प होता. चिमे, मला दुसरं कशाचं काही वाटत नाही. मी खूप जगले. पण तो माझ्याआधी

इथे सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जातंय म्हणाली. दूध गॅसवर नव्हतंच. आता आली आहे परत, डोळे धुऊन. मी म्हटलं, वाक्य पुरं करू? म्हणाली, “नको आई, मावशींना कळलं.” तर मग तसंच सोडते.

म्हणजे खोली गेली, चिमे. ती आता परत मिळायची नाही. मी दिलेला शब्द मीच मोडला आणि तुला आधी सांगितलंही नाही. तू शेजारणीकडून ऐकलंस, त्याचं मला जास्त लागलंय.

आता माझ्याकडे देण्यासारखी अर्धी खोली आहे. माझी. दुसरी खाट आत घेतली आहे, खिडकीकडची बाजू तुला. पडदा गेलाय, त्यामुळे सकाळी ऊन तोंडावर येईल, कुरकुर करू नकोस. कपाटाचा खालचा खण मोकळा केला, वरचा तुला पोचत नाही. मी घोरते असं तू म्हणतेस, तू घोरतेस हे मी ऐकलंय. जागा कमी आहे, आणि तू म्हणशील, मला अडगळीत टाकलं. तसं म्हणायचा तुला हक्क आहे. पण दुपारी त्या खुर्चीवर बसायला मला माणूस हवंय. परकं नको. तो ज्याला घाबरतो असं हवं, आणि या घरात तो फक्त तुलाच घाबरतो. मी तुझ्यावर उपकार म्हणून बोलावत नाही. मला एकटीला हे झेपत नाही, म्हणून बोलावते.

दिराकडे जायचं असेल तर तसं लिही. तोही चांगला माणूस आहे, आणि तिथे तुला अख्खी खोली मिळेल. तू काय लिहिशील ते सूनबाई मला वाचून दाखवणार. मला बरं वाटावं म्हणून मधलं काही गाळायचं नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

यायचं असेल तर आधी माझ्याशी भांड, मग ये.

शब्द मोडलेली,
तुझी ताई