मानाची डबी

मंगळवार, सांजचं

धूर मोजायची डबी कॉलेजच्या पोरीनं आज परत न्हेली. आकडे बघून म्हणाली, "आजोबा, तुमच्या घरातली हवा चांगलीय की." चांगली कशी? आत सून खोकतच हुती.

डबी आली तवा, घरातलं मोठं माणूस म्हणून सुनेनंच माझ्या गळ्यात घातली. हारच जणू. मी दिसभर बाहेर कट्ट्यावर. चिपाडं जाळून पाण्याची चूल फुकतीया ती. खोकतीया ती.

आत्ता तिला म्हटलं, "डबी परत मागवतो. तू घाल."

"मामा, तुमचा मान हाय त्यो. तुमच्यापुढं मी कशी घालू?"

"माझ्यापुढं खोकतीस की. तवा न्हाय मान आडवा येत?"

हसाय गेली आन् खोकलीच.

लिवून कटाळा आला. सकाळी कॉलेजच्या पोरीला फोन लावायचा.